एकेचाळिसावा आठवडा

तोरुनचं कार्ड जूनमध्ये आलं. आत चार ओळी होत्या. ‘बाबा, नोव्हेंबरात आम्ही ग्रीनलंडला चाललोय, चार वर्षांसाठी. विलस तुम्हाला विसरत चाललाय. शरद ऋतूतल्या शाळेच्या सुट्टीत शनिवार-रविवारी या. घरीच आहोत.’

तोरुन माझी एकुलती एक मुलगी. नवरा डॅनिश, त्यामुळे राहते कोपनहेगनला. विलस हा तिचा दहा वर्षांचा मुलगा. माझी बायको लिव्ह गेली, त्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तोरुन माझ्याशी बोलत नव्हती. लिव्ह इस्पितळात असताना मी तोरुनला कळवायला उशीर केला. तिची नवी नोकरी, उगाच धावपळ नको, डॉक्टरांनी नक्की काय ते सांगितलं की फोन करू, असं म्हणता म्हणता चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

चार वर्षांनी मी एक्क्याऐंशीचा होईन. त्यामुळे हा शनिवार-रविवार चुकवून चालणार नव्हतं.

माझी सगळी नोकरी इथे, स्टाव्हांगरच्या ग्रंथालयात झाली. मला प्रवास जमत नाही, प्रवासाची पुस्तकं वाचणं जमतं. सहा पुस्तकं घरी आणली आणि दोन दिवसांचा तक्ता करायला बसलो. मुक्काम स्टेशनजवळच्या हॉटेलात, कारण मुलीकडे उतरलो तर तिला माझ्यासाठी चादरी काढाव्या लागतील. विलसला घेऊन गोल मनोऱ्यावर जायचं, तिथे पायऱ्यांऐवजी चढण आहे, गुडघे टिकतील. पाऊस आलाच तर काय, याचा वेगळा रकाना. शेवटचा रकाना बोलायच्या विषयांचा होता. कालव्यातल्या बोटीत ग्रीनलंडची थंडी. कॉफीच्या वेळी विलसची शाळा. रविवारी साडेतीन ते चार, लिव्ह.

हा तक्ता मी कुणाला दाखवणार नव्हतो. पण वरच्या मजल्यावरची ओडनी न विचारता आत येते. तिचं आयुष्य मासळीच्या कारखान्यात गेलं, कुणाची भीड म्हणून नाही. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

“आयलर्ट, मुलीला भेटायला चाललायस की शहर काबीज करायला?”

“पाऊस आला तर पंचाईत नको म्हणून...”

“पाऊस आला तर भिजा की! आणि हे काय? लिव्हला अर्धा तास?”

“कमी आहे का?”

“मला काय विचारतोस? पोरीला फोन केलास?”

“कार्ड पाठवलं. सुट्टीत येतो म्हणून.”

“फोन म्हणतेय मी. चावत नाही तो.”

“तिला कामं असतात.”

“या कागदावर सगळं कोपनहेगन आहे, बाबा. तुझी मुलगी तेवढी कुठे दिसत नाही.”

मी हसलो. असं काही ऐकलं की मी हसतो.

आमच्या देशात शरदाची शाळासुट्टी वर्षाच्या एकेचाळिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरात येते. आम्ही सगळंच आठवड्यांच्या आकड्यांत मोजतो, दंतवैद्यापासून लग्नापर्यंत. तोरुन शाळेत होती तेव्हाही तिची सुट्टी एकेचाळिसाव्यातच यायची. मी तिकीट काढलं ते न बदलता येणारं, कारण बदलायचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टात एका पुस्तकात वाचलं, की बेचाळिसाव्या आठवड्यात सुट्टीमुळे डॅनिश संग्रहालयांत मुलांची झुंबड उडते. मनात पाल चुकचुकली. तोरुनला विचारावं असं वाटलं. मग वाटलं, छपाईची चूक असेल. खरं सांगायचं तर तसं वाटलं नव्हतं, मी वाटून घेतलं. विचारायचं म्हणजे फोन करावा लागला असता.

निघायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, ओडनीने स्वतः नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

“बाबा?” सहा वर्षांनी तो आवाज ऐकला.

“परवा पावणेबाराला पोचतो,” मी घाईघाईने म्हणालो. “विमानतळावर यायची गरज नाही, मी सगळं बघून ठेवलंय.”

“परवा? परवा आम्ही युटलंडला असणार. सासूबाईंची सत्तरी आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात येणार ना?”

“सुट्टी एकेचाळिसाव्यात ना?”

“ती तुमच्याकडे. इथे बेचाळिसाव्यात असते.” ती थांबली. “एक फोन करायचा होतात, बाबा. एकच.”

मी तक्ता पुढे ओढला. त्यात यावर काही नव्हतं. मग तीच म्हणाली, “बरं, जाऊ दे. पुढच्या शनिवारी या.”

“नको, नको,” मी म्हणालो. “तुमची बांधाबांध चालली असेल. माझ्यामुळे खोळंबा नको.”

आमच्या लोकांत असंच म्हणतात. पहिल्यांदा नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा म्हणायचं, मग आपण संकोचत हो म्हणायचं. माझा हो तयार होता. पण तोरुनला परदेशात सोळा वर्षं झाली होती. कदाचित ती ही रीत विसरली असेल. कदाचित विसरली नसेलही, फक्त पुन्हा म्हणायची ताकद तिच्यात उरली नसेल.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “विलसला सांगते तसं.”

फोन बंद झाला.

“नको म्हणालास?” ओडनी ओरडली. “गाढवा, नको म्हणालास? लाव परत! आत्ताच्या आत्ता लाव!”

मी फोन हातात घेऊन बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि वर गेली.

शनिवारी मी गेलो. तिकीट फुकट जाईल, असं ओडनीला सांगितलं. तोरुनच्या दारापाशी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. बेलच्या पट्टीवर तिसरा मजला, डावीकडे, तिघांची नावं होती. घरात कुणी नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच माझं बोट उचललं गेलं. मी बेल दाबली. जरा थांबून पुन्हा दाबली.

दार उघडलं आणि एक बाई सायकल घेऊन बाहेर आल्या.

“तिसऱ्या मजल्यावर का? ते गावाला गेलेत, उद्या रात्री येतील. काही निरोप आहे?”

“नाही.”

“कोण आलं होतं म्हणून सांगू?”

त्यांनी एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं. आत जिना दिसत होता.

“कुणी नाही,” मी म्हणालो. “माझं घर चुकलं.”

त्यांनी दार सोडलं. ते आपोआप लागेपर्यंत मी बघत उभा राहिलो.