कुणालाच न दाखवायचा व्हिडिओ

तनुजाला व्हिडिओचं वेड लागलं ते धपाट्यांपासून. औशाच्या घरातलं ते एवढंसं स्वयंपाकघर. तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवायचा आणि पीठ मळता मळता बोलायचं. पहिला व्हिडिओ टाकला तर बघणारे कोण? माहेरची चार माणसं आणि नवरा दयानंद, तोही जेवताना. बरं, त्यात धपाटे दिसलेच नाहीत, नुसती बांगड्यांची खळखळ आणि अर्धं डोकं! दुसरी असती तर नाद सोडून मोकळी झाली असती. पण हिला फोनशी बोलायची गोडी लागली. टाकणं बंद झालं, बोलणं तेवढं राहिलं. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत दिवसभराचं सगळं फोनला सांगून टाकायचं. कुणाला दाखवायचं नाही, कुठं पाठवायचं नाही. आणि माणूस एकदा असं मोकळं बोलायला लागलं की काय बोलून बसेल, त्याचा नेम आहे का?

सासूबाई केवळाबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून त्यांचं सगळं बाजेवर. उठवणं, बसवणं, धुणं-पुसणं तनुजाच करायची, आणि मनापासून करायची, खोटं कशाला बोला? पण एका दुपारी पुन्हा चादर बदलून ती ओट्यापाशी आली आणि फोनला म्हणाली, "म्हातारी सुटली तर मीपण सुटीन बाई." बोलली, डोळे पुसले, भाजी फोडणीला टाकली. व्हिडिओ फोनमध्ये राहिला.

केवळाबाईंना करमणूक एकच. लेक उमाबाई मुखेडला दिलेली. तिच्या लेकराचे व्हिडिओ बघत पडायचं. "जावळाचा लाव ग," त्या म्हणाल्या. तनुजानं लावून दिला आणि गिरणीवरून दळण आणायला गेली. परत येते तर फोन बाजेवर पालथा. उचलून बघते तर पडद्यावर तिचंच तोंड, त्या दुपारचं! म्हातारीचं बोट सरकलं होतं. केवळाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"दळण मिळालं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पण नाही! त्या दिवसापासून ऊन कललं की पाणी बंद. का, तर रात्री लघवीसाठी कुणाला उठवायला लागू नये. हाक मारणंही बंद. तनुजा तांब्या घेऊन जवळ बसायची. "आत्याबाई, घोटभर तरी घ्या." "तहान न्हाई ग," म्हणून त्या डोळे मिटायच्या. माफी मागायची म्हणून तनुजा बाजेपाशी जायची आणि चादर नीट करून परत यायची. नवऱ्याला सांगावं तर कोणत्या तोंडानं सांगावं? आपलीच जीभ झडावी असं तिला वाटायचं.

एका सकाळी केवळाबाई म्हणाल्या, "दया, मला उमाकडं पोचव. तिथंच राहते आता."

दयानंदच्या हातातली बशी हातातच राहिली. केवळाबाई लेकीच्या घरी कधी मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. मुखेडला गेल्या तरी भाकरी बांधून न्यायच्या, चहा घेतला तरी लेकराच्या हातावर काहीतरी ठेवूनच उठायच्या, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. लेकीच्या घरचं बसून खाणं म्हणजे त्यांना मरणाहून वाईट.

"लोक काय म्हणतील आई? पोरगा जिता असून लेकीच्या दारात?" मग तो बायकोकडं वळला. "तू काही बोललीस का हिला?"

तनुजानं मान हलवली, नाही म्हणून. तेवढंच पाप करायचं राहिलं होतं!

म्हातारी हट्टाला पेटली. शेवटी दयानंद जीप ठरवायला गेला. तो गेला तशा केवळाबाई म्हणाल्या, "तनुजे, तुझा फोन आण. माझा व्हिडिओ काढ."

उशीला टेकून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "मी केवळाबाई. मी माझ्या मर्जीनं लेकीकडं चालले. सुनेनं माझं लई केलं. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलं. तिला कुणी बोल लावायचा न्हाई." मग फोनकडं वाकून म्हणाल्या, "आलं का नीट? समद्या भावकीला पाठव. न्हाई तर तुझ्यावर तोंड टाकतील."

"न्हाई आलं," तनुजा म्हणाली. चांगलं आलं होतं. पण पाठवायचं कसं?

केवळाबाईंनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं, अजून मोठ्यानं.

"न्हाई आलं, आत्याबाई."

त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. "सुनेनं माझं लई..." इथपर्यंत आल्या आणि तनुजानं फोन टाकून त्यांचे पाय धरले. "नका जाऊ! खोटं बोलले हो मी त्या दिवशी. वैतागून तोंडातून गेलं. मनात काही नव्हतं माझ्या!"

केवळाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रागाचा लवलेश नव्हता.

"खोटं न्हाई बोललीस तू," त्या म्हणाल्या. "खोटं असतं तर मी जागची हालले नसते. ऊठ, घे फोन. दया यील इतक्यात."

तनुजानं फोन उचलला.