जावयाला आउट कुणी करायचं?

कोरडेवाडीच्या पहिल्या डॉजबॉल स्पर्धेचा पहिला चेंडू रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सुटला आणि पहिला घोटाळा तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी उघडकीला आला.

खालच्या आळीचा कप्तान बिभीषण चेंडू घेऊन रेषेपर्यंत बैलासारखा धावत आला. समोर चार हातांवर मळ्याच्या संघाचा एक जाडजूड खेळाडू बेसावध उभा होता. आंधळ्याचाही नेम चुकला नसता. बिभीषणने हात उगारला, चेहरा नीट पाहिला, कच्चकन ब्रेक लावल्यासारखा थांबला आणि चेंडू सरळ आभाळात भिरकावून दिला.

"माफ करा पाव्हणं," तो हात जोडून म्हणाला, "दिसलंच न्हाई तुमी."

शिट्टी राजेश्वरीच्या तोंडात होती. ती वाजवायची की नाही, हे तिला क्षणभर कळेना.

राजेश्वरी या गावची सून. माहेर भंडारदऱ्याकडचं. कॉलेजात असताना ती डॉजबॉल जिल्ह्यापर्यंत खेळली होती. मिरजगावपासून सहा किलोमीटरवरच्या या गावात ती शिवणक्लास चालवायची आणि गेले अकरा महिने एकाच गोष्टीच्या मागे लागली होती. पंचायतीचं मैदान संध्याकाळी दीड तास बायकांना मिळावं. मैदानात संध्याकाळी सहा वाजल्यापासून गावातले टेम्पो लागत. शुगर झालेल्या, गुडघे धरलेल्या बायका डॉक्टरांच्या सांगण्यावरून हायवेच्या कडेनं चालायला जात. माघात एका ट्रकच्या वाऱ्यानं बनुबाई रस्त्याकडच्या चारीत पडल्या. हात मोडला नाही, एवढंच नशीब.

उपसरपंच भागवतआप्पांनी शेवटी एक वाट काढून दिली होती. "तुमाला खेळायचंय ना? मग एक दिवस सगळ्या गावाला खेळवून दाखवा. सहाच्या आत निकाल लागला पायजे. भांडन नको. आन् कुनाचा मानपान दुखावला, तर पुन्यांदा मैदानाचं नाव काढायचं न्हाई. जमलं, तर मैदान तुमचं."

राजेश्वरीनं जमवलं. मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा, मऊ रबरी चेंडू, चार संघ, सहा-सहा खेळाडू. वय वर्षं पंचवीसच्या पुढचेच घ्यायचे, पोरांना बंदी. नियम तिनं घरोघर जाऊन समजावले. चेंडू खांद्याच्या खाली लागला की आउट. रेषेबाहेर पाय पडला की आउट. "आबाधोबीच की गं," म्हाताऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता. तारीख तिनं अधिक महिन्यातली धरली, कारण धोंड्याच्या जेवणासाठी सगळं गाव घरी असतं. कुणाचे पाचच खेळाडू भरत होते, म्हणून चौथा नियम घातला, की प्रत्येक संघात गावाबाहेरचा एक पाहुणा चालेल.

अधिक महिन्यात गावात पाहुणा म्हणून कोण येतं, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. आता ते पाहुणे मैदानात उभे होते. सकाळी ज्यांचे पाय धुतले, तेहतीस धोंड्यांचं वाण ज्यांच्या हातात दिलं, ते जावई. कोरडेवाडीत एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई.

मळ्याकडून समर्थ खेळत होता. भागवतआप्पांचा जावई, नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. खालच्या आळीकडून श्रीगोंद्याचा ओंकार. बाकीचे दहा गडी एकमेकांवर असे तुटून पडले, की बांधावरचे सगळे जुने हिशेब त्या मऊ चेंडूनं चुकते होत होते. दोन चुलतभाऊ तर आउट झाल्यावरही बाहेर एकमेकांना मारत राहिले. सात मिनिटांत दहाही जण गारद झाले. मैदानात उरले दोन जावई आणि एक चेंडू.

"मारा ना," समर्थ म्हणाला.

"छे, छे. तुम्ही थोरले. आधी तुम्ही."

"असं कसं? चेंडू तुमच्याकडं आहे."

ओंकारनं चेंडू दोन्ही हातांनी, पानाचा विडा द्यावा तसा, रेषेवरून पुढे केला. समर्थनं तो वाकून घेतला आणि परत दिला. माइक रामहरीकडे होता. एरवी लग्नात आहेर पुकारणारा हा गडी. तो सवयीनं म्हणाला, "समर्थरावांकडून ओंकाररावांना एक चेंडू सप्रेम भेट!"

लोक हसून जमिनीवर बसले. राजेश्वरीला मात्र हसू येईना. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात ओंकारचा मेहुणा रेषेबाहेर चहाचा कप घेऊन आला. "दाजी, च्या." बशीत ओतलेला चहा सांडू नये म्हणून दाजी दोन पावलं पुढे गेले. राजेश्वरीनं एवढ्या जोरात शिट्टी फुंकली, की बशी सांडलीच.

"रेषेबाहेर! आउट!"

"चहाला बोलावून आउट केलं?" ओंकार म्हणाला.

"तुमचं तुम्हीच गेलात, दाजी. कुणी मारलं का?"

मानपान शाबूत राहिला आणि मळा जिंकला.

दुसरा सामना शिवणक्लास विरुद्ध स्टँडवरचे दुकानदार. तिथं देवच पावला. स्टँडचा जावई धोंडे खाऊन टपरीमागच्या बाजेवर असा झोपला होता, की त्याला उठवणं हाही अपमानच ठरला असता. दुकानदार पाचच जण उतरले. शिवणक्लासचा पाहुणाही आला नव्हता. राजेश्वरीची मैत्रीण राजूरहून निघाली होती, पण तिची गाडी संगमनेरातच बंद पडली होती. पाच विरुद्ध पाच. बनुबाईंनी पदर खोचला आणि किराणावाल्याला पहिल्याच फेकीत बरगडीत घेतलं.

"उधारी मागतो का रं रोज? घे!"

"काकू, खेळ हाय ह्यो!"

"मंग मी काय भजन करतीय?"

नऊ मिनिटांत शिवणक्लास जिंकला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून अशा ओरडल्या, की हायवेवरच्या एका ट्रकवाल्यानं काय झालं म्हणून गाडी हळू केली.

अंतिम सामना पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. शिवणक्लास विरुद्ध मळा. पंधरा मिनिटांत मळ्याचे पाच गडी बाद झाले. कप्तान आदिनाथ, म्हणजे आप्पांचा मुलगा, शेवटी गेला. शिवणक्लासच्या तिघी उरल्या. पलीकडे एकटा समर्थ. घामानं शर्ट भिजलेला, हात लोंबकळत, मैदानाच्या मधोमध.

तिघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतले.

"बनुकाकू, मारा!" राजेश्वरी ओरडली.

"माझ्या दिराचा जावई हाय तो. हात झडंल माझा."

"मऊ चेंडू आहे."

"मऊ का असंना. सकाळी पाय धुतलं त्याचं आमी."

समर्थही मारेना. सासरच्या बायकांवर चेंडू उगारायचा कसा? त्यानं चेंडू हळूच घरंगळत पाठवला, बनुबाईंनी तो तसाच परत घरंगळवला. रामहरी सांगत होता, "जावईबापू उभे आहेत... काकू उभ्या आहेत... जावईबापू अजूनही उभेच आहेत... मंडळी, पाच वाजून चौतीस मिनिटं."

राजेश्वरी धावत आप्पांच्या खुर्चीपाशी गेली.

"आप्पा, जावईबापूंना आउट केल्याशिवाय निकाल लागणार नाही."

"मंग नका लावू."

"आणि मैदान?"

"निकाल न्हाई तर मैदान न्हाई." आप्पांनी टोपी सारखी केली. "आन् जावयाला चेंडू मारला तर अजाबात न्हाई. ठरल्यालं हाय आपलं."

आप्पांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण डोळे मजेत होते. राजेश्वरी परत निघाली. पायाखालची फक्की उडत होती. हायवेच्या बाजूला दोन टेम्पो आधीच येऊन उभे होते, त्यांचे ड्रायव्हर बोनेटवर बसून खेळ पाहत होते. सहाला पंचवीस मिनिटं उरली होती. गावात असं कोण आहे, ज्याला या माणसाचा मान ठेवावा लागत नाही? सासू नाही, मेहुणा नाही, भावकी नाही. तिनं गर्दीवरून नजर फिरवली. लिंबाखाली एक बाई मांडीवर पाय घेऊन तळवे चोळत बसली होती. समर्थची बायको. आप्पांची लेक. सकाळपासून तिनं एकशे दहा धोंडे तळले होते आणि नवऱ्यानं त्यातले अकरा खाल्ले होते.

"निकिता," राजेश्वरी म्हणाली, "खेळता का?"

निकिता चटकन उठली. जणू कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होती.

"थांबा, थांबा!" आदिनाथ मध्ये धावला. "ही कशी खेळंल? ही गावची लेक हाय. पाव्हनी न्हाई."

"मतदान कुठंय तुमचं?" राजेश्वरीनं निकिताला विचारलं.

"नगरला."

"मग गावाबाहेरच्या. चौथा नियम. आमच्या पाहुण्याची जागा रिकामीच आहे."

"न्हाई पटत. लेक ती लेक."

निकिता भावाकडे वळली. "पटत न्हाई का? मंग दादा, मळ्यातला माझा वाटा कुठंय ते दाव बरं. हद्द घालून घेते आजच."

आदिनाथ दोन पावलं मागं सरकला.

"लग्नात मांडवातनं निघताना काय म्हनलं हुतं आप्पा तुमी?" तिनं आवाज चढवला नाही, पण रामहरीनं माइक तिच्या तोंडापुढं धरला होता. "आता तू त्यांच्या घरची. मंग त्यांच्या घरच्या मानसानं त्यांच्या घरच्याला मारलं, तर तुमचा मान कसा दुखावतोय?"

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. उपसरपंचकीच्या नऊ वर्षांत त्यांच्यापुढं असा ठराव आला नव्हता.

"खेळू द्या," ते म्हणाले. मग लेकीला अगदी हळू म्हणाले, "जावई रुसला तर तू निस्तर."

निकितानं चपला काढल्या. बनुबाईंनी चेंडू तिच्या हातात दिला आणि कानात काहीतरी सांगितलं, ते ऐकून ती खुदकन हसली. समर्थ बायकोला पाहून पहिल्यांदाच हलला. एक पाऊल मागे, मग एक डावीकडे.

"अगं, दमानं."

"सकाळी म्हनला हुतात ना, पुरन जरा कमी भरलंय?"

"मी सहज म्हणालो."

पहिला चेंडू त्याच्या कानावरून गेला. तो वाकला. गावानं 'हुश्श' केलं, आणि आपण कुणाच्या बाजूनं हुश्श केलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. चेंडू मागच्या कडब्याच्या पेंढ्यांवर आदळून उलटा तिच्याकडेच आला. समर्थ सरळ होईपर्यंत दुसरा सुटला होता. तो बरोबर पोटावर, अकरा धोंड्यांच्या मध्यभागी, डफावर थाप पडावी तसा बसला.

शिट्टी. पाच वाजून त्रेचाळीस मिनिटं.

कुणी टाळी वाजवली नाही. समर्थ खाली बसला होता. दोन्ही हात पोटावर, मान खाली. आप्पा खुर्चीतून उठले आणि फक्कीच्या रेषा तुडवत झपाझप आले. राजेश्वरी मागोमाग धावली. आता हा रुसला, उठून मोटारसायकलला किक मारून नगरला निघून गेला, की सगळं संपलं. बायका पुन्हा हायवेच्या कडेला.

"जावईबापू," आप्पा वाकले, "चुकलं असंल तर—"

समर्थनं मान वर केली. तो हसत होता, आवाज न करता. सगळं अंग हलत होतं.

"मामा, दोन तास झाले. पहिल्या मॅचला कुणी मारलं नाही, आत्ताही कुणी मारंना. मला वाटलं, मला खेळायला घेतलंय की पुजायला?" त्यानं डोळे पुसले. "लहानपणी आबाधोबीत पाठ लाल व्हायची माझी. पाच वर्षं झाली या गावात येतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी माणसात घेतलं."

"लागलं न्हाई ना?"

"लागलं की! मस्त लागलं!" तो उठला आणि हात पसरून गावाकडं वळला. "आणखी एक डाव घ्या. पण या वेळी सगळ्यांनी मारायचं!"

मग बनुबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि हात झडायची वाट न पाहता चेंडू फेकला. तो समर्थच्या पाठीत बसला. त्यानंतर काय झालं, त्याचा नीट वृत्तांत देणं अवघड आहे. ओंकार पळत मैदानात शिरला. "मलाही घ्या!" स्टँडचा जावई आरडाओरड्यानं जागा होऊन बाजेवरून थेट आला, आपण कुठल्या संघात आहोत हे विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत बिभीषणचा चेंडू त्याच्या मांडीवर आदळला. मेहुण्या सुटल्या. मेहुणे सुटले. वर्षानुवर्षं पाय धुतलेल्या पाव्हण्यांना गावानं पाव तासात मनसोक्त झोडून काढलं आणि पाव्हणे "इकडं, इकडं!" म्हणून ओरडत राहिले. रामहरीनं "शिवणक्लास विजयी" असं तीनदा पुकारलं, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. शेवटी त्यानं माइक बाजूला ठेवला आणि तोही शिरला.

सहा वाजता ड्रायव्हर टेम्पो आत घ्यायला लागले. पुढच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी बाजूला झालं नाही. त्यानं दुसऱ्यांदा दिला, तेव्हा आप्पा स्वतः फाटकापाशी गेले. त्यांच्या सदऱ्यावर फक्कीचा एक गोल ठसा उमटला होता. कुणाचा होता, हे त्यांनी विचारलं नाही.

"आजपासनं गाड्या ओढ्याकडच्या पडीक जागेत लावायच्या," ते म्हणाले.

"आजपासनं? कवापर्यंत?"

आप्पांनी मागे वळून पाहिलं. "सूनबाई, तुमचं दीड तास म्हंजे कितीपर्यंत?"

"साडेसात," राजेश्वरी धापा टाकत म्हणाली.

"साडेसातनंतर इचारून बघ," आप्पांनी ड्रायव्हरला सांगितलं. "मला न्हाई, हिला."

ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. राजेश्वरी परत मैदानात गेली, तेव्हा चेंडू कुणाच्या हातात आहे हे पाहायला तिला वेळच मिळाला नाही. तो तिच्या खांद्याखाली येऊन बसला होता आणि नियमानं ती आउट होती.