लहरीबाबांची पेटी

बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे इथलं काम. एरवी इतकी शांतता, की खोकणाऱ्यानंही आधी माफी मागावी. आज मात्र वाचक, त्यांचे सोबती, अध्यक्ष, झालंच तर शेजारचा घड्याळवालासुद्धा दारात लोंबकळत होता. मधोमध टेबलावर काळी पेटी, तिच्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा.

पेटीमागे उभे असलेले गृहस्थ स्वतःला ‘संरक्षणतज्ज्ञ’ म्हणवत. पण दर दोन वाक्यांमागे लहरींचा उल्लेख आल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे, म्हणून आठवड्याभरात त्यांचे लहरीबाबा झाले होते.

“आग लागो, पूर येवो, संगणक जळून खाक होवो!” बाबा गरजले. “ही पेटी हवेतूनच तुमची पुस्तकं ओढून घेते. वायर नको, बटण नको. फक्त भाव हवा!”

“अकराशे पुस्तकं, एवढ्याशा पेटीत?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“बाई, शंका घेतली की लहरी रुसतात.”

सगळे बाईंकडे असे वळले, जणू आगीची काडी त्यांनीच ओढली होती.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्या पुस्तकांतले निम्मे आवाज आता या जगात नव्हते. पुन्हा वाचून घ्यायची सोयच नव्हती. म्हणून दर शनिवारी त्या सगळ्याची नक्कल एका डिस्कवर उतरवून घरी नेत, कपाटात कपड्यांखाली ठेवत. आणि बाबांची अट अशी, की ती डिस्क आजच पुसायची, जुना संगणक दुपारी त्यांनी घेऊन जायचा आणि नव्या संगणकात पेटीतून पुस्तकं ओतायची. “दोन रक्षक एकत्र नांदत नाहीत!” अध्यक्षांनी संमतीपत्र टाइप करूनही ठेवलं होतं. सही तेवढी बाकी.

“आता प्रत्यक्ष पाहा!” इथला संगणक बोलका, पडद्यावर जे जे होईल ते वाचकांसाठी मोठ्यानं सांगायचा. बाबांनी आधी त्याचा आवाज बंद केला. “आवाजानं लहरी बिथरतात.” मग एक पुस्तक पुसलं. पडद्यावरून गायब! बाबा लोकांकडे पाठ करून, एक हात पेटीवर, दुसरा माउसवर ठेवून गुणगुणले. पुस्तक परत हजर! टाळ्यांचा कडकडाट झाला.

“मला काही दिसलं नाही बुवा,” पहिल्या रांगेतून टेलिफोनमावशी म्हणाल्या. जन्मांध बाई, एकतीस वर्षं टेलिफोनच्या कार्यालयात लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेली. “आमच्यासाठी एकदा आवाज चालू ठेवून करा की.”

“मावशी, लहरी बिथरतील...”

“मी समजूत काढीन त्यांची. याहून बिथरलेली माणसं जोडून दिलीत मी.” बोलता बोलता पुढे होऊन मावशींनी चाचपून आवाजाचं बटण फिरवलंही होतं.

आता माघार कशी घेणार? बाबांनी पुस्तक पुसलं.

“फाइल कचरापेटीत टाकली,” संगणक खणखणीत आवाजात म्हणाला.

बाबा मोठ्यानं गुणगुणू लागले. संगणकही मागे हटेना. “कचरापेटी उघडली. एक वस्तू. परत ठेवा. फाइल परत ठेवली.”

एकच हशा पिकला.

“अहो, हे तर मी रोज करते!” मावशी म्हणाल्या. “चुकून पुसलं की उचलते कचरापेटीतून. मग मीही बाबाच की!”

“पेटीची शक्ती निराळी आहे,” बाबा घाम पुसत म्हणाले.

“मग संगणक बंद करते,” बाई पुढे झाल्या. “पेटीतून एक पान ऐकवा. एकच.”

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं काम आठवलं. घड्याळवाल्याच्या खिशात पेचकस होताच. पेटी उघडली. आत एक सेल, एक दिवा आणि वजनाला अर्धी वीट. बाबांना शोधायला लोक वळले, तर ते वायरीशिवाय, बटणाशिवाय, हवेतूनच गेले होते.

अध्यक्षांनी पत्र फाडलं. “नशीब, बाईंची डिस्क तरी आहे.”

“बाई, ती कधी लावून ऐकलीत?” मावशींनी विचारलं.

बाईंनी आठ वर्षं नेम चुकवला नव्हता; पण ऐकली? कधीच नाही. धावत घरी जाऊन त्यांनी डिस्क आणली, वाचकांच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकाला लावली. अकराशे नावं ओळीनं उभी राहिली. पहिल्यावर बोट ठेवलं.

“मूळ फाइल सापडली नाही.”

दुसरं. तेच. दहावं. तेच. बाई आठ वर्षं पुस्तकांऐवजी पुस्तकांकडे नेणारी चिन्हंच उतरवत आल्या होत्या. दारावरच्या पाट्या गोळा केल्या, घर एकही नाही! एवढं काम पाच मिनिटांत उरकतं, याला त्या देवाची कृपा समजत.

“मी त्या बाबाला हसले,” बाई मटकन खाली बसल्या. “माझ्याही पेटीत वीटच की हो!”

“पण घर अजून उभं आहे ना? मग उठा,” मावशी म्हणाल्या.

पुस्तकं खरोखरीची उतरायला संध्याकाळ झाली. दोन डिस्क भरल्या. एक बाईंकडे, एक नदीपलीकडे अध्यक्षांच्या घरी राहणार होती. बाई लोकांसमोर उभ्या राहिल्या. “देवाची परीक्षा घ्यायची नसते. यंत्राची मात्र घ्यायलाच हवी, आणि यंत्र विकणाऱ्याचीही, आणि माझ्यासारखीचीही. नक्कल केली म्हणून निर्धास्त झोपू नका. दर महिन्याला ती दुसऱ्या यंत्राला लावा आणि कानांनी ऐका.”

त्यांनी एक डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली. पहिल्या नावावर बोट ठेवलं. मग सहा वर्षांपूर्वी वारलेल्या एका शिक्षिकेचा आवाज खोलीभर पसरला, “प्रकरण पहिलं.”

बाईंनी डोळे पुसले.

“छान,” मावशी म्हणाल्या. “आता दुसरी लावा.”