कापूस भिजेपर्यंत

वर्डेल स्टॅम्बॉला त्या ई-सिगारेटच्या दुकानाची पायरी चढायची नव्हती. केंटकीच्या टेकडीवर तिच्या सासरच्यांनी तीन पिढ्या तंबाखू पिकवली, तिनं स्वतः पंचेचाळीस वर्षं सिगारेट ओढली, आणि आता म्हातारपणी बॅटरीवरचं खेळणं तोंडात धरायचं?

पण लेकीनं, लव्होनानं, फोनवर सरळ सांगितलं होतं. "आई, बाबांच्या छातीला आता धूर सोसत नाही. रविवारी चारला येते. घरात सिगारेटचा वास आला तर त्यांना लेक्सिंग्टनला माझ्याकडे नेणार. तू बस तुझं पाकीट घेऊन."

पन्नास वर्षांचा संसार, आणि कालपरवा नाक पुसायला शिकलेली पोर नवरा उचलून न्यायची भाषा करते! वर्डेलनं फोन आपटला. शुक्रवारपासून तिनं सिगारेटला हात लावला नाही, सगळे पडदे धुतले, नवऱ्याचे, आर्विलचे, शर्ट धुतले. रविवारी दुपारपर्यंत मात्र तिचे हात असे थरथरायला लागले की कप बशीत धड बसेना. तिनं ट्रकची किल्ली उचलली.

दुकानात काउंटरमागे क्लीट पर्विस उभा. चाळिशीचा बाप्या, दाढी छातीपर्यंत, दाढीत सकाळच्या बिस्किटाचा चुरा.

"वर्डेलबाई! तुम्ही आणि इथं?"

"लाज वाटायचं काम माझ्याकडे राहू दे. तू तुझं कर."

क्लीटनं एक यंत्र उघडून मांडलं. "ही खालची बॅटरी. वर काचेची टाकी, तिच्यात रस भरायचा. टाकीच्या पोटात ही कॉइल."

"माणसाला समजेल असं बोल."

"तारेचं वेटोळं. भोवती कापूस. कापूस रस पितो, तार तापते, रसाची वाफ होते. धूर नाही हं, वाफ."

"वाफ माझ्या किटलीतूनही निघते. तिच्यासाठी कुणी दुकान थाटलं नाही."

रांगेत मागे उभा असलेला एकजण हसला. वर्डेलनं वळून बघितलं, तसा त्याला छतावरचा पंखा फार आवडायला लागला.

"निकोटिन किती हवं?" क्लीटनं विचारलं. "बाटलीवर आकडा असतो. तीन म्हणजे हलकं, बारा म्हणजे कडक."

"रोजचं एक पाकीट होतं माझं."

"मग बारा. आणि ऐका, सिगारेटसारखं जोरात ओढायचं नाही, हळू ओढायचं. कॉइल नवी आहे. टाकी भरली की दहा मिनिटं हात लावू नका. कापूस आतपर्यंत भिजू दे."

"मला थांबायला शिकवतोस? कोठारात आठ-आठ आठवडे पान सुकायची वाट बघितलीय मी."

ट्रकमध्ये बसल्या बसल्या तिनं टाकी भरली, बटण दाबलं आणि गाल आत जाईपर्यंत ओढलं. घशात जळकी चिंधी कोंबल्यासारखं झालं. घरी पोचेपर्यंत आणखी चारदा ओढून बघितलं. दर वेळी चिंधी जास्तच जळकी.

स्वयंपाकघरात येऊन तिनं खण उघडला. पाकीट तिथंच होतं. बोटं त्यावर टेकली, तोच बाहेरच्या खोलीत आर्विल खोकला. लांबलचक, कोरडा, मध्येच दम संपणारा खोकला. दोन वाजले होते. वर्डेलनं खण असा ढकलला की आतले चमचे खणखणले.

पुन्हा दुकान. या वेळी तिनं दारातूनच तोंड सोडलं. "क्लीट पर्विस! तुझ्या आईला कळू दे तू म्हाताऱ्या बायकांना काय जाळून विकतोस ते!"

क्लीटनं कॉइल बाहेर काढून तिच्यासमोर धरली. कापूस कोळशासारखा काळा.

"किती थांबलात?"

"पुरेसं."

"किती?"

"दारापासून ट्रकपर्यंत."

क्लीटनं दाढीवरून हात फिरवला. "वर्डेलबाई, कोरड्याला हात लावायला तुम्हाला कुठल्या गाढवानं सांगितलं?"

 हे शब्द तिचेच होते. तेवीस वर्षांपूर्वी क्लीट तिच्या कोठारात कामाला होता. सुकलेलं पान तुळईवरून कधी उतरवायचं? हवा दमट होऊन पान चामड्यासारखं मऊ पडलं की. हे त्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. यानं खडखडीत उन्हाच्या दिवशी उतरवलं, पानांचा भुगा झाला, आणि सगळ्या गड्यांसमोर वर्डेलनं त्याला नेमकं हेच विचारलं होतं.

"बरीच वर्षं जपून ठेवलंस," ती म्हणाली.

"सुकवून ठेवलं होतं," क्लीट म्हणाला.

त्यानं नवी कॉइल घेतली, कापसावर स्वतः रसाचे थेंब सोडले, टाकी भरली. वर्डेल खुर्चीत बसली, यंत्र मांडीवर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

"पाणी देऊ?"

"गप. मोजतेय."

दहा मिनिटं पुरी झाल्यावर तिनं दाराबाहेर जाऊन हळूच ओढलं. बाटलीवर तंबाखूची चव म्हणून लिहिलं होतं. ज्यानं तो रस बनवला त्यानं तंबाखूचं शेत धावत्या गाडीतूनही पाहिलेलं नसणार. चव ओल्या पेंढ्याला साखर लावल्याची. पण हातांची थरथर थांबली.

चारला लव्होना आली, बापाचे कपडे भरायला बॅग घेऊनच. पडदे हुंगले, आर्विलच्या कॉलरला नाक लावलं, खण ओढला.

"हे पाकीट?"

"शुक्रवारपासून तसंच आहे. नाक आहे ना तुला?"

लव्होनानं पुन्हा हवा हुंगली, आणि तिला काही सापडलं नाही. मग मागच्या अंगणातल्या बाकावर तिला ते यंत्र दिसलं, तिनं ते उचललं. "आई, हेसुद्धा काही औषध नाही."

"दागिना म्हणूनही आणलेलं नाही. घराबाहेरच राहील. खाली ठेव ते! आत कॉइल असते, कॉइलला कापूस असतो, आणि आत्ताच टाकी भरलीय. भिजल्याशिवाय हात लावायचा नसतो. तंबाखूवाल्याची लेक ना तू? कुणी काही शिकवलं की नाही तुला?"

आतून आर्विलचा आवाज आला, "लव्होना, ती बॅग कुणाची गं?"

लव्होनानं आईकडे बघितलं. "कुणाची नाही, बाबा. रिकामी आहे." आणि बॅग परत गाडीत ठेवायला निघाली.

"येताना हात धू," वर्डेल म्हणाली. "मक्याची भाकरी तव्यावर आहे."