माठाशेजारचा पारा

चनबसप्पा मालकांच्या टॉवेलच्या कारखान्यात उन्हाळा कधी यायचाच नाही. वर तापलेला पत्रा, बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडेनात; पण भिंतीवरचा पारा मे महिनाभर एकोणचाळीसवर गुमान बसलेला. शेजारी पाटी : 'पारा बेचाळीसच्या वर गेल्यास अर्धा तास विश्रांती.' मालकांचं मन मोठंच. फक्त थर्मामीटर तेवढा त्यांनी माठावरच्या ओल्या फडक्याजवळ टांगला होता.

सोमवारी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता शांतम्मा चक्कर येऊन पडली. पडली तीही एकोणचाळीस अंशांतच, त्यामुळे विश्रांतीचा प्रश्नच नव्हता. तिची मुलगी धनलक्ष्मी फिजिक्समध्ये एमएस्सी करत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजात स्वतः जुळवलेलं यंत्र पिशवीत घालून ती कारखान्यात हजर झाली.

"यात पारा नाही, मालक. हा एवढासा रेझिस्टर आहे. तो जितका तापतो तितकी त्यातली वीज आपोआप जास्त थरथरते. ती थरथर मोजली की तापमान कळतं."

"मोज की! आमी कुटं न्हाय म्हन्तोय?"

तिनं रेझिस्टर आईच्या बसायच्या जागी टांगला. आकडा आला : एकशे बारा.

मालक पोट धरून हसले. "एकशे बारा? मग आमी सगळे शिजलो की! भात टाका गं कुनीतरी!"

धनलक्ष्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "मागांच्या मोटारींच्या विजेची गडबड यात मिसळतेय. पंधरा मिनिटं सगळे माग बंद ठेवा."

चारचौघांत एवढं हसून झाल्यावर नाही कसं म्हणणार? माग थांबले. बायका भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. पंधरा मिनिटांनी आकडा आला : चव्वेचाळीस.

"खोटं हाय," मालक लालबुंद झाले. "परत मोज."

परत पंधरा मिनिटं माग बंद. परत चव्वेचाळीस.

"उद्या परत ये. रोज मोज! खोटं ठरवल्याबिगर सोडत न्हाय मी. तवर पाटीवरची सुट्टी कुनाला न्हाय, सांगून ठेवतो."

धनलक्ष्मी उसळून बोलणार, एवढ्यात शांतम्मानं तिचा दंड धरला. आज कित्येक दिवसांनी तिचा चेहरा जरा माणसात आला होता. मालकांना कळू नये म्हणून ती तेलुगूत हळूच म्हणाली,

"वाद घालू नकोस. मालक म्हणतात तसं रोज येऊन मोज. आणि घाई करू नकोस, सावकाश मोज."