बंबावरच्या घंटेची साक्ष

मी आगीच्या बंबावरची पितळी घंटा. आजवर लोकांनी मला कानांवर हात ठेवूनच ऐकलं. आज जरा हात काढून ऐका.

मला ओतणाऱ्या कारागिराने साच्यातून काढल्याबरोबर टिचकी मारली आणि म्हणाला, "ही गप्प बसणाऱ्यांतली नाही." तिथून मी थेट बंबावर, ड्रायव्हरच्या डोक्याशेजारी जाऊन बसले. माझी दोरी एका तरुण जवानाच्या हातात असे. आगीची वर्दी आली की तो मला बडवायचा आणि मी शहर डोक्यावर घ्यायची.

तो जवान पुढे बढत्या मिळवत दलाचा प्रमुख झाला. सगळे त्याला साहेब म्हणू लागले. ते निवृत्त झाले त्याच सुमारास बंब भंगारात निघाला. मला मात्र साहेबांनी घरी आणून बैठकीच्या खिडकीत टांगलं. आता बाईसाहेब त्यांना जेवायला बोलवायला मला वाजवतात. पूर्वी मी गावातल्या आगीसाठी वाजायची, आता पोटातल्या.

रिकामा माणूस एकतर घरच्यांना सूचना करतो, नाहीतर आठवणी लिहितो. स्वयंपाकघरात सूचना करायला बंदी झाली, तेव्हा साहेबांनी लेखणी उचलली.

लाकडाच्या वखारीला भरदुपारी लागलेल्या आगीचं प्रकरण ते मोठ्याने म्हणत लिहीत होते. "ज्वाळांच्या जबड्यात शिरून मी राखणदाराला खांद्यावर घेतलं..."

आतून बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तो तर पथारी काखेत मारून आपल्या पायांनी बाहेर आला होता. वर दार का फोडलंत म्हणून तुमच्यावरच डाफरला. त्या दिवशी तुम्हीच हसत हसत सांगितलं होतंत."

"पुस्तकात असं लिहितात का कुठे?" साहेब म्हणाले.

बाईसाहेबांचं खरं होतं. मी तिथेच तर होते. वाऱ्याचं निमित्त करून मी जराशी किणकिणले, तर साहेबांनी खिडकीच लावून घेतली.

पुस्तक निघालं आणि बंबाचा जुना ड्रायव्हर पेटला. त्याला सगळे मिशा म्हणत. त्याचं आणि साहेबांचं, बंब कुणी धुवायचा यावरून, जुनं वाकडं होतं. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. मिशाने स्वतःच्या आठवणी छापल्या. त्यांत राखणदाराला खांद्यावर घेणारा अर्थातच मिशा. बिचारा राखणदार एकाच दुपारी दोन खांद्यांवरून बाहेर आला.

मग एक दिवस कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई घरी आल्या. दोन्ही पुस्तकं त्यांच्या पिशवीत होती. साहेब खुलले. "तुम्हाला राखणदाराचा प्रसंग हवा असेल."

"नको, तो दोन्हीकडे वाचला," बाई म्हणाल्या. आत भांडं वाजलं. बाईसाहेब हसू दाबत होत्या.

"मी वखारीमागच्या सुताराची मुलगी," बाईंनी सांगितलं.

साहेबांचा चेहरा उतरला. त्या आगीत वखारीमागची घरांची रांग जळाली होती. पाणी भरपूर होतं, पण सुताराची हातगाडी गल्लीत आडवी असल्याने बंबाला उशीर झाला, असं चौकशीच्या अहवालात लिहून आलं. गाडी गल्लीत नव्हतीच, हे सुतार सांगून थकला. शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि पुढे तोही कुणाशी बोलेनासा झाला.

बाईंनी साहेबांचं पुस्तक उघडून वाचलं. "'नळी रोखून उभा राहिलो, पण थेंब येईना. संतापून रस्त्यावरच्या नळाला लाथ घातली, तर अंगठा मोडला.' आता मिशांचं ऐका. 'गल्ली अरुंद, तरी मी ब्रेकला पाय न लावता बंब थेट मागच्या घरांच्या दारात नेला. नळ मात्र कोरडा निघाला.'"

त्यांनी पुस्तकं मिटली. "राखणदारावर दोघांनी आपापली पोळी भाजून घेतली. पण गाडी दोघांच्याही वाटेत नाही आणि नळ दोघांचाही कोरडा. इथे थाप मारून तुम्हाला काय मिळणार होतं?"

"मग अहवालात पाणी कुठून आलं?" साहेबांनी विचारलं.

"अहवाल पाणीखात्यानेच लिहिला होता. तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मी इस्पितळात होतो. मला कुणी विचारलंच नाही. आणि ड्रायव्हरला कोण विचारतो?" साहेब म्हणाले, "पण बाई, लोक म्हणतील, राखणदाराबद्दल थापा मारणारा नळाबद्दल खरं कशावरून बोलत असेल?"

"म्हणतीलच. म्हणून तर दुसरा पुरावा शोधतेय."

साहेबांनी मोजा काढला. अंगठा अजून वाकडाच होता.

इस्पितळाच्या दप्तरात त्याच तारखेला त्या अंगठ्याची नोंदही सापडली. ते सांगायला पुन्हा आलेल्या बाईंना निघताना साहेबांनी हळूच विचारलं, "राखणदाराचं पान गाळू का?"

"राहू द्या. माणसाला आपण कसं दिसावंसं वाटतं, तेही मला लिहायचंय."

बाईंचा लेख छापून आला. नगरपालिकेने अहवालातला सुतारावरचा ठपका काढला. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारीण सुताराकडे येऊन बसली आणि उठताना म्हणाली, "गाडी नव्हती रे. मला ठाऊक होतं."

त्या लेखाने एकत्र आणलेले साहेब, मिशा आणि सुतार आता माझ्याखाली बसून रोज भांडतात. बंबाचं काय सांगू, तो कधीच वितळला. मी मात्र इथे सुखात आहे. तुम्हाला एवढंच सांगते, आठवणींतल्या नायकाला नमस्कार करून पुढे व्हा आणि तो वाटेत काय सांडून गेलाय ते वेचा. माझ्यावरही फार विसंबू नका. मी आतून पोकळ आहे, म्हणून तर वाजते.

काल सुतार रंगात आला होता आणि लेक लिहून घेत होती. "वखारीची अख्खी भिंत मी एकट्याने खांद्याने पाडली," तो म्हणाला.

लेकीचा हात थांबला. तिने वडिलांकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी ते चारचौघांत बोलत होते.

"बरं," ती म्हणाली, "मग पुढे?"