ओकखालची हाळी

त्या जानेवारीत परदेशी, मुलाच्या गावी अल्फारेटाला पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला. सकाळी पाहिलं तर मागच्या अंगणातल्या ओकच्या झाडाची एकेक काडी काचेत घातल्यासारखी दिसत होती. माझी नात आन्या खिडकीला नाक लावून म्हणाली, "आजी, इट्स सो प्रिटी!" मी म्हटलं, सुंदर आहे गं, पण त्याला वजन आहे. दुपारी कडाड आवाज झाला आणि ओकची एक मोठी फांदी मोडली.

पूर्ण मोडली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती बुंध्यापासून थोडी पुढे चिरली आणि तशीच लोंबत राहिली, नेमकी आन्याच्या खोलीच्या छपरावर. वारा आला की करकरायची.

त्या दिवसापासून आन्या माझ्याजवळ झोपायला लागली. सात वर्षांची पोर, पण झोपेत बैल हाकल्यासारख्या लाथा मारते. माझ्या बरगड्या ठणकायला लागल्या. थंडीने गुडघे आधीच धरलेले. दिवसा बसल्या जागी माझी मान कलंडायची. अंगातला शीण झोपेने जायचा नाही आणि झोप तर मिळतच नव्हती.

"झाडवाल्यांना फोन केला मी," सून आश्लेषा म्हणाली. "सगळ्यांचीच झाडं मोडलीत. दोन-तीन आठवडे तरी वेट करा म्हणतात."

"कशाला पाहिजेत झाडवाले?" माझा मुलगा गिरीश म्हणाला. "मी तोडतो शनिवारी."

"तू?"

"मग? आमच्याकडे पोरं चालायच्या आधी झाडावर चढतात."

"आणि बेसमेंटचा जिना चढताना धाप कोणाला लागते?"

दिवाळीनंतर गिरीशचं प्रोजेक्ट बंद पडलं होतं. तेव्हापासून तो घरी होता आणि घरातली प्रत्येक वस्तू स्वतःच दुरुस्त करायची असं त्याने मनावर घेतलं होतं. डिशवॉशर त्याने दुरुस्त केल्यापासून आम्ही भांडी हाताने घासत होतो.

"आई, तू सांग ना हिला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "किती टहाळ तोडलाय मी."

 तोडला होता, हे खरंच होतं.

आमचं गाव मावळात. तिथे भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी उन्हाळा तापायच्या आधी ऐनाच्या झाडाच्या पालेदार फांद्या तोडायच्या, तो टहाळ. एकजण कोयता घेऊन वर चढतो, बाकीचे खाली गोळा करतात. फांदी बुंध्याला लागून तोडायची नाही, वीतभर खुंट ठेवायचा. ऐनाला त्या खुंटातून पुन्हा फूट येते, आणि पुढच्या वर्षी चढायला तीच पायरी होते. आणि खालच्याने हाळी दिल्याशिवाय वरच्याने घाव घालायचा नाही. खालचा चहूकडे बघतो, पोरंबाळं, गुरं बाजूला घेतो आणि मग ओरडतो, "होऽऽ!" त्यानंतरच वरून कोयता चालतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. लहानपणापासून कानावर पडून ते हातात उतरतं.

गिरीशचे वडील ऐनावरूनच पडून गेले. त्या दिवशी हाळी माझ्या सासऱ्यांनी दिली होती, आणि ती बरोबर होती. खाली कोणी नव्हतं. फांदी जरा जाड होती. गिरीशच्या वडिलांनी वरून घाव घातले, ती अर्धी तुटली आणि स्वतःच्या वजनाने जाताना बुंध्याची साल सोलत, त्यांच्या पायाखालचा खुंट घेऊन खाली आली. त्यांनाही घेऊन आली. हाळी खालच्यांसाठी असते. वरच्यासाठी आमच्याकडे काहीच नियम नव्हता.

गिरीश तेव्हा शाळेतही जात नव्हता. पुढे आश्रमशाळेतून सुट्टीला आला की तोच चढायचा, कारण घरात दुसरा गडी नव्हता. हाळी मी द्यायचे. हाळी दिली की तो उतरेपर्यंत मी वरून नजर काढत नसे. मग तो शिकला, पुण्याला गेला, तिथून इकडे आला. गावात बाया विचारायच्या, पोरगा एवढा लांब, वाईट नाही वाटत? मी म्हणायचे, जमिनीवर आहे ना.

शनिवारी त्याने लांब शिडी आणली आणि नवी कोरी चेनसॉ, यंत्रावरची करवत, खोक्यातून काढली. आश्लेषा जॅकेट घालून दारात उभी राहिली.

"गिरीश, मी वाचलंय. शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवायची नाही. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"इंटरनेटवर काय, सगळंच लिहितात."

"तू इंटरनेटचंच काम करतोस ना?"

"करत होतो," गिरीश म्हणाला.

 आश्लेषाने आन्याचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली, दार मात्र उघडंच ठेवलं.

मी शाल गुंडाळून झाडाखाली गेले. मोडक्या फांदीच्या खाली, शिडीजवळ, बुंध्यावर एक जुना खुंट होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गिरीशनेच तिथली फांदी तोडली होती आणि गावच्या रीतीने वीतभर खुंट ठेवला होता. "पुढच्या वेळी पाय ठेवायला," असं मला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं. त्या खुंटाला एकही फूट नव्हती. साल गळून गेली होती आणि खालच्या अंगाला कानांसारख्या अळंब्या धरल्या होत्या.

"गिऱ्या, तो खुंट मेलाय," मी म्हटलं.

"आई, ओक आहे तो. लोखंड असतं."

तो चढला. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन त्याने एक हात बुंध्याला घातला. दोरीने ओढून चेनसॉ वर घेतली, सुरू केली. तिचा आवाज सगळ्या अंगणात भरला. फांदीवर पातं टेकवायच्या आधी तो थांबला.

मी खाली होते. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तो थांबलेलाच. थोड्या वेळाने त्याने मशीन बंद केलं.

"आई?"

"काय?"

"खाली कोणी आहे का?"

"नाही."

"मग हाळी दे की."

"नाही देत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही देत."

"अगं आई, हे काय गाव आहे का?"

"नाही ना? मग तोड की. कोणाची वाट बघतोस?"

त्याने पुन्हा मशीन सुरू केलं. पातं फांदीजवळ नेलं.  पण पातं टेकेना. पस्तिशी ओलांडलेला, दोन पदव्या घेतलेला माणूस, पण हाळीशिवाय त्याचा हात चालेना. मला ते आधीच ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. माझ्याजवळ अडवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी हाळी दिली नाही. वर चढून त्याला खाली ओढायची ताकद माझ्यात नव्हती. भांडायचीही नव्हती.

त्याने मशीन बंद केलं.

"तुझ्या बापाला हाळी मिळाली होती, गिऱ्या," मी म्हटलं. "चांगली खणखणीत मिळाली होती."

 मग त्याने चेनसॉ दोरीने खाली सोडली आणि उतरायला लागला. उतरताना जुन्या सवयीने त्याचा डावा पाय शिडी सोडून त्या खुंटावर गेला.

खुंट मोडलाही नाही, नुसता विरघळल्यासारखा खाली आला. गिरीशचा पाय हवेत गेला, शिडी हलली, त्याने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तसाच घसरत जमिनीपर्यंत आला. गुडघे सोलले. तो गवतावर बसला. त्याच्याभोवती तपकिरी भुसा पडला होता, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा.

आश्लेषा धावत आली. तिने त्याचे हातपाय चाचपून पाहिले, मग मूठभर भुसा उचलून त्याच्यासमोर धरला.

"लोखंड," ती म्हणाली आणि रडायला लागली.

  मी त्याच्या शेजारी गवतावरच बसले आणि मग मला उठवायला त्या दोघांना हात द्यावा लागला.

झाडवाले आले तेव्हा फेब्रुवारी निम्मा सरला होता. बरगड्यांना तोवर सवय झाली होती. त्यांची मुख्य कॅरल नावाची बाई होती, पिकल्या केसांची, डोक्यावर हेल्मेट. तिने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, विजेच्या तारा कुठून गेल्यात ते पाहिलं. गिरीशच्या खुंटाच्या जागी झालेल्या खळग्यात बोट घातलं. मग ती बोलत गेली आणि आश्लेषा मला मराठीत सांगत गेली.

"आई, ती म्हणते ओक कापायचा तो याच दिवसांत, थंडीत, झाड झोपलेलं असताना. पालवी फुटल्यावर, मे-जूनात जखम करू नये. काही भागांत ताज्या जखमेच्या वासावर किडे येतात आणि रोग आणतात. आणि खुंट ठेवायचा नाही. ओकचा खुंट मरतो, मग कुजणं आत शिरतं."

"मग बुंध्याला लागून कापायचं?"

"तेही नाही. फांदीच्या बुडाशी ही बघा, फुगीर वळी असते, कॉलरसारखी. ती झाडाची. तिला हात लावायचा नाही, तिच्या जरा पुढे कापायचं. मग झाड स्वतः जखम मिटवतं. रंगबिंग काही लावायचा नाही."

"आम्ही मे महिन्यात तोडलेली," गिरीश कॅरलला म्हणाला. ती काही टोचून बोलली नाही. झाड जगेल, फक्त वेळ घेईल, म्हणाली.

एक धिप्पाड माणूस दोरांच्या पट्ट्यात स्वतःला अडकवून वर गेला. त्याच्या बुटांना खिळे नव्हते. खिळ्यांनी झाडाला भोकं पडतात, म्हणून ते फक्त तोडून टाकायच्या झाडावर चढताना वापरतात म्हणे. त्याने मोडक्या फांदीला दोर बांधला. मग बुंध्यापासून हातभर पुढे त्याने पहिला काप घेतला, तो खालच्या बाजूने.

"खालून का?" मी आश्लेषाला विचारलं.

तिने कॅरलला विचारलं. कॅरलने हाताने दाखवलं, तळहात खाली पडतोय आणि बोटं मनगटाची कातडी ओढत नेतायत असं.

"नुसती वरून कापली तर जाताना साल सोलत खाली नेते. वरच्या माणसालाही लागू शकतं. आधी खालून थोडं कापलं की साल तिथेच तुटते. मग वरून दुसरा काप, त्याने वजन जातं. आणि शेवटचा कॉलरपाशी."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

मी फांदीकडे बघत राहिले. खालून एक काप. कोयत्याने तो घ्यायला कितीसा वेळ लागला असता. आमच्याकडे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, सासऱ्यांनाही नाही, आणि त्यांच्या बापालाही नसणार. मला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काही उरावं लागतं.

वरचा माणूस दुसऱ्या कापासाठी सरसावला आणि ओरडला, "स्टँड क्लिअर!" मग करवत तशीच धरून थांबला.

गिरीशने झटकन माझ्याकडे पाहिलं. कॅरल सावकाश मान फिरवत छपराकडे, अंगणाकडे, आमच्याकडे बघत होती. आन्या तेवढ्यात गिरीशच्या मागून पुढे सरकली. त्याने तिची कॉलर धरून तिला मागे ओढलं.

"डॅडी!"

"थांब. तो बघ, वेट करतोय."

"ऑल क्लिअर!" कॅरल ओरडली. आणि तिच्या पाठोपाठ अगदी हळू गिरीशच्या तोंडून "होऽऽ" निघालं. तो कायम वर असायचा. खालून हाळी त्याने कधी दिली नव्हती.

फांदी सुटली, दोरावर एक हेलकावा खाऊन छपरापासून लांब गेली आणि हळूहळू गवतावर टेकली. बुंध्याची साल जिथल्या तिथे होती.

"मी आत जाते," मी म्हटलं. "मला झोप आलीय."

"आई, थांब ना. अजून फांद्या आहेत."

"असू देत. तू आहेस ना खाली."